वाजवी काळजी

आमच्या घरात दोनच माणसं राहतात, आणि त्यांतलं एक विमा कंपनीच्या दावे विभागातून निवृत्त झालेलं आहे. दूध उतू गेलं की इतर घरांत आधी गॅस बंद करतात. आमच्याकडे आधी 'त्या वेळी गॅसजवळ कोण होतं?' हे विचारलं जातं. नातवाने कप फोडला तेव्हा हे त्याच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "घाबरू नकोस. पहिल्यापासून सांग. कप हातात होता तेव्हा तू चालत होतास की पळत होतास?" पोरगं पाच वर्षांचं. ते म्हणालं, "उडत होतो." ह्यांनी तेही लिहून घेतलं.

1972 साली कायदा झाला आणि देशातल्या शंभरावर खासगी कंपन्या एकत्र करून सर्वसाधारण विम्याच्या चार सरकारी कंपन्या केल्या. त्या चारांपैकी एकीत ह्यांनी 34 वर्षं काढली. कोणत्या ते सांगत नाही, पेन्शन तिथूनच येतं. "मी आयुष्यात एकही दावा नाकारला नाही," असं हे आजही सांगतात. "कलम नाकारतं. मी फक्त कलमाची सही करायचो."

मी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. जगातल्या सगळ्या सरोवरांची नावं पाठ होती, पाहिलं होतं फक्त कात्रजचं तळं. निवृत्त झाल्यावर मैत्रिणींबरोबर भिगवणला गेले, उजनीच्या फुगवट्यात होडीत बसले आणि समोर पाण्यात उभे असलेले शेकडो रोहित पक्षी पाहून माझं उरलंसुरलं शहाणपण गेलं. पुढच्या महिन्यात ग्रॅच्युइटीतून कॅमेरा आला. त्याच्याबरोबर आलेल्या छोट्या लेन्सने काढलेल्या फोटोंत रोहित कुठले आणि पलीकडच्या काठावरच्या म्हशी कुठल्या, हे मी बोटाने दाखवल्याशिवाय कुणाला कळेना. पक्ष्यांना मोठी लेन्स लागते. 150 ते 600ची. ती मी घेतली. किंमत एक लाख बासष्ट हजार.

घरी मी बासष्ट हजार सांगितली. खोटं बोलले नाही. बोलताना फक्त सुरुवातीचे दोन शब्द गिळले.

तेवढ्यावरही ह्यांच्या भुवया वर गेल्याच. "बासष्ट? डोळ्याला लावायची दुर्बीण आठ हजारांत येते." मी म्हटलं, अहो, 2022 साली जर्मनीत वेट्सलारला एक जुना लायका कॅमेरा लिलावात 1 कोटी 44 लाख युरोला गेला. युरोला! 1923 साली केलेला, लायकाचा जनक ओस्कर बार्नाक याने स्वतः वापरलेला. कॅमेरा ही गुंतवणूक असते. हे शांतपणे म्हणाले, "तुझी लेन्स बार्नाकने वापरली आहे का? नाही ना? मग तिला घसारा." आणि डायरीत त्या दिवसाच्या पानावर 'लेन्स – 62,000' असं लिहून ठेवलं. पुढे दर काही महिन्यांनी जेवताना सहज विचारायचे, "आज किती असेल गं तिची?" माणसं सुनेच्या दिवसांची चौकशी करतात त्या आवाजात.

मला विम्याची पहिली काळजी वाटली ती पावसाळ्यात. लेन्सला बुरशी लागते हे मला दुकानदाराने पैसे घेतल्यानंतर सांगितलं. काचेच्या आत, जिथे आपलं बोट जात नाही तिथे, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे उठतात. उपाय म्हणजे विजेवर चालणारं कपाट, ज्यात हवेतला दमटपणा चाळीस ते पन्नास टक्क्यांवर राहतो. ते आणलं. हे त्याच्यासमोर उभे राहून आकडा बघायचे: पंचेचाळीस. "लेन्सला पंचेचाळीस टक्के आणि माझ्या गुडघ्यांना पुण्याचा जुलै," एवढंच म्हणाले.

मग मी विचारलं, आपल्या घराच्या पॉलिसीत कॅमेरा बसतो का हो?

हे वाक्य मी चौतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच उच्चारलं असावं, कारण ह्यांचा चेहरा असा उजळला की मला साखरपुडा आठवला. कपाटातून घरमालकाची पॉलिसी आली, चष्मा बदलला, आणि मला समोर बसवून वाचन सुरू झालं. बसतो. 'सर्व जोखीम' नावाचा एक भागच आहे. पुढे अपवाद. कसर, बुरशी, उंदीर-घुशी यांनी केलेलं नुकसान: नाही. धुताना, पुसताना, दुरुस्त करताना झालेलं: नाही. घड्याळाला जादा चावी दिल्यामुळे झालेलं: नाही. (घड्याळाला चावी देणारा शेवटचा माणूस आमच्या घरात 1988 साली वारला, पण कंपनीने त्याच्यावरची नजर काढलेली नाही.) उघड्या वाहनातून चोरी: नाही. गाडी चारी बाजूंनी बंद आणि सगळी दारं-खिडक्या कुलूपबंद हवी. म्हणजे रिक्षा गेली, होडी तर गेलीच गेली.

"आता मुख्य," म्हणून ह्यांनी पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. काचसामान, कॅमेरे, दुर्बिणी, लेन्स, वाद्यं, मूर्ती अशा ठिसूळ वस्तूंची मोडतोड आणि चरे: नाहीत.

"म्हणजे कॅमेरा चालतो, पण फुटलेला चालत नाही?"

"चालतो ना. पुढे वाच. ज्या आगगाडीतून, आगबोटीतून, विमानातून किंवा मोटारीतून तो नेला जातोय तिला अपघात झाला, तर चालतो."

मी नुसती बघत राहिले. माझ्या हातून लेन्स पडली, तर माझं नशीब. गाडी रुळावरून घसरली आणि मी लेन्सवर पडले, तर कंपनी उभी आहे. "वाईट काय आहे त्यात?" हे म्हणाले. "जेजुरीला आगगाडी जाते. तिने जा. बाकी खंडोबा बघेल."

तेव्हा मी ठरवलं की वेगळी पॉलिसी काढायची, फक्त कॅमेऱ्याची, हातातून पडणं धरणारी. आणि तिथे माझे ते गिळलेले दोन शब्द घशात आडवे आले.

पॉलिसी ह्यांना दाखवायची, तर तीत किंमत बासष्टच घालायला हवी होती. पण विमा कमी रकमेचा काढला की काय होतं, हे मी चौतीस वर्षं वरणभाताबरोबर ऐकलेलं होतं. सरासरीचं कलम. सहा खोल्यांच्या घराचा तीन खोल्यांपुरताच विमा काढलात आणि एक खोली जळली, तर कंपनी अर्धी खोली भरून देते. उरलेल्या अर्ध्या खोलीपुरते विमा कंपनी तुम्ही स्वतः. लेन्सची अडतीस टक्के दुरुस्ती कंपनी करणार आणि बासष्ट टक्के मी, असा तो हिशेब होता, आणि आकडेसुद्धा नेमके मला टोचणारेच निघाले.

म्हणून वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मी एका तरुणाला चोरून सारसबागेत भेटले. एजंट होता, मुलाच्या मित्राचा मित्र. काकू म्हणत होता. मी त्याला मूळ बिल दाखवलं, त्याने माझ्याकडून लेन्सच्या मानेवर कोरलेला अनुक्रमांक लिहून घेतला, धंद्यासाठी वापरता का विचारलं (मी म्हटलं, अजून कुणी एक रुपया दिला नाही), आणि वस्तूंचे फोटो मागितले. पावणेतीन लाखांचं सामान जवळ असलेल्या बाईने त्याच सामानाचे फोटो मोबाइलवर काढून दिले, कारण कॅमेऱ्याला स्वतःचा फोटो काढता येत नाही. हप्ता जीएसटीसकट पाच हजारांच्या आत बसला. प्रत्येक दाव्यातले पहिले पाच टक्के माझे.

"आणि काकू, एकच लक्षात ठेवा," पोरगा उठता उठता म्हणाला. "बॅग एकटी सोडायची नाही. कुणीतरी जवळ पाहिजे. एकट्या बॅगेला कंपनी ओळखत नाही."

त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरून सायकल गेली, आणि ह्यांनी सोसायटीच्या सभासदांना जिन्यात उभं करून व्याख्यान दिलं. घरफोडीच्या पॉलिसीत बळजबरी लागते. चोराने काहीतरी तोडायला हवं. 2004 साली सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं: पॉलिसीत जबरदस्तीचा प्रवेश लिहिलेला असेल, तर उघड्या दारातून गुपचूप येऊन गेलेल्या चोराची भरपाई मिळत नाही. "म्हणून पेपरात ते वाक्य असतं," हे म्हणाले. "अज्ञात चोरट्याने कडीकोयंडा उचकटून. ते वार्ताहराचं साहित्य नाही. त्या कोयंड्यावर सगळा दावा टांगलेला असतो." सभ्य चोराइतकं विमेदाराचं नुकसान कुणी करत नाही, असं ह्यांचं मत आहे. माझ्या नव्या पॉलिसीत कोयंड्याची अट नव्हती, हे मला जिन्यातच सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं.

30 डिसेंबर 2024ला सोमवती अमावास्या होती. सोमवतीला जेजुरीचा खंडोबा पालखीतून कऱ्हेवर स्नानाला निघतो आणि गडापासून खाली सगळं पिवळं होतं. हवा पिवळी, पायऱ्या पिवळ्या, माणसांच्या पापण्या पिवळ्या. फोटो काढणाऱ्याला याहून मोठा सण नाही आणि कॅमेऱ्याला याहून मोठं संकट नाही. भंडारा कुठेही शिरतो. लेन्स पुढे-मागे होते तिथून आत ओढला जातो, बटणांखाली बसतो, आणि वर्षभराने एखाद्या बगळ्याच्या फोटोत हळद होऊन उगवतो. जाणते लोक कॅमेऱ्याला पोळ्या गुंडाळायची पारदर्शक पट्टी गुंडाळतात आणि वर न्हाणीघरातली प्लॅस्टिकची टोपी घालतात. मीही घातली. माझा कॅमेरा डोकं धुवायला निघालेल्या बाईसारखा दिसत होता.

ह्यांना मी बरोबर नेलं. खंडोबा ह्यांचं कुलदैवत, त्यामुळे नेलं असं ह्यांना वाटत होतं. मला बॅगेजवळ माणूस हवा होता. चौतीस वर्षं अनुभव असलेला, कलम पाठ असलेला, फुकट माणूस. मोठी लेन्सही बॅगेत होती. जेजुरीत तिचं काही काम नव्हतं, पण फोटो काढणारा माणूस 'लागेल' म्हणून जे नेतो त्याचं वजन नेहमीच लागणाऱ्या सामानापेक्षा जास्त असतं. गडावर हे बॅग मांडीवर घेऊन बसले. इतके दक्ष, की लोक ह्यांनाच नमस्कार करून पुढे जात होते. भंडारा, गर्दी, पालखी, सगळं सुखरूप पार पडलं.

परतीच्या वाटेवर एका टपरीवर चहाला थांबलो. गाव सांगत नाही, चहा चांगला होता. हे बाकावर बसले, बॅग पायाशी. मला समोरच्या तारेवर वेडा राघू दिसला. मी वीस पावलं पुढे गेले, कॅमेरा लावला, आणि लक्षात आलं की राघू लांब आहे, ह्याला मोठी लेन्स हवी. आयुष्यात पहिल्यांदा 'लागेल' म्हणून नेलेली वस्तू लागली. ती आणायला मागे वळले, तर हे बाकावर होते, डोळे मिटलेले, तोंड जरासं उघडं, आणि पायाशी फक्त पाय.

पोलीस ठाण्यातला अंमलदार तरुण आणि सभ्य होता. "आजी, बॅग गहाळ झाली की चोरीला गेली?" त्याने विचारलं. प्रश्न साधा वाटतो. गहाळ म्हटलं की साधी नोंद होते, दाखला चटकन मिळतो, घरबसल्या मोबाइलवरूनही मिळतो. चोरी म्हटलं की गुन्हा, एफआयआर, तपास. दमलेला माणूस गहाळ म्हणून मोकळा होतो आणि मग विमा कंपनी विचारते की हरवली कुणी? मी तोंड उघडायच्या आत हे पुढे झाले. "चोरी," हे म्हणाले. "बॅगेला पाय नव्हते."

अंमलदाराने 379 लिहिलं, खोडलं आणि 303 केलं. नवी न्याय संहिता जुलैत आली होती, हाताला अजून जुन्या आकड्याची सवय होती.

"किंमत?"

टेबलाच्या या बाजूला आम्ही दोघं होतो आणि मधे एफआयआर. पोलिसांपुढे दोन शब्द गिळता येत नाहीत. "एक लाख बासष्ट हजार," मी म्हटलं.

हे पंख्याकडे बघू लागले. डिसेंबर होता, पंखा बंद होता.

"बिल आहे?" आहे, मोबाइलमध्ये. "विमा आहे?" आहे. हे पंख्यावरून कॅलेंडरवर आले.

"बॅग कुणाच्या ताब्यात होती?"

"ह्यांच्या," मी म्हटलं, आणि मला जरा बरं वाटलं.

"काका, तुम्ही त्या वेळी काय करत होतात?"

"डोळे मिटून होतो."

"झोपला होतात?"

"डोळे मिटून होतो," हे म्हणाले. इतकी वर्षं विमेदारांनी ह्यांना जी उत्तरं दिली, त्यांतलंच एक ह्यांनी निवडलं होतं.

गाडीत कुणी बोललं नाही. हडपसरच्या सिग्नलला हे म्हणाले, "हप्ता किती बसला?" मी सांगितला. मगरपट्ट्याला म्हणाले, "ठीक लावलाय." एवढंच.

कंपनीचा सर्व्हेअर आठवड्याभरात घरी आला आणि दारातच थबकला. एके काळी ह्याचेच अहवाल हे लाल शाईने भरून परत पाठवत. "सर, तुम्ही?" "बस. मी आज विमेदाराकडचा साक्षीदार आहे. पायरीने जा." मी स्वयंपाकघरात चहा ठेवला आणि दोन्ही कान बैठकीत.

त्याने बिल पाहिलं, अनुक्रमांक ताडून पाहिला, एफआयआर वाचला. मग टाय नसताना टाय सैल केल्यासारखी मान हलवली. "सर, विचारायचं म्हणून विचारतो. चोरीच्या क्षणी बॅग कुणाच्या देखरेखीखाली होती? म्हणजे, माणूस जवळ बसलेला आहे पण झोपलेला आहे, तर बॅग एकटी होती का नव्हती?"

इथे एक सांगते. टपरीवाला आत भजी तळत होता. झोप फक्त मी पाहिली होती. जबाबात 'डोळे मिटून' होतं, आणि डोळे माणूस देवाचं नाव घेतानाही मिटतो, तेही जेजुरीहून येताना. मी गॅस बारीक करून खंडोबाला हात जोडले.

"एकटी होती," हे म्हणाले. "लिही. साक्षीदारास झोप लागली होती. अंदाजे दहा मिनिटं. वाजवी काळजी घेतली गेली नाही."

"सर, मी 'डुलकी' लिहू का?"

"डुलकी कलमात नाही. झोप लिही."

चहा उतू गेला. त्या वेळी गॅसजवळ कोण होतं, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

तीन आठवड्यांनी कंपनीचं पत्र आलं: खेद आहे, दावा देय नाही. ह्यांनी ते लाल पेन घेऊन वाचलं, दोन स्वल्पविराम दुरुस्त केले आणि म्हणाले, "कलम बरोबर लावलंय. पोरगं तयार झालं." मी म्हटलं, मी विमा लोकपालाकडे जाणार. "जा ना," हे म्हणाले, आणि लगेच पाय खाली सोडून बसले. "पण आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळव. महिनाभर उत्तराची वाट बघ. मग लोकपाल. नकार आल्यापासून वर्षाच्या आत जायला हवं, फी नाही, वकील लागत नाही, कार्यालय पुण्यातच आहे. मसुदा मी करून देतो. फक्त मी जागा होतो असं त्यात लिहिणार नाही." तुमचा असा दावा अडला असेल, तर हाच क्रम आहे. आमच्या पत्राच्या मसुद्यात मात्र तिसऱ्या ओळीला झोप येत होती, म्हणून मी तो फाडला.

पुढच्या रविवारी जेवणं झाल्यावर ह्यांनी मला बैठकीत बोलावलं. टेबलावर एक फाइल होती, तिच्यावर 'दावा क्रमांक 1'. ह्यांनी चष्मा बदलला.

"नुकसान माझ्या ताब्यात असताना झालं. जबाबदारी मान्य आहे. भरपाई मी देतो."

माझे डोळे भरून आले. "एक लाख बासष्ट?"

"कंपनीला तू एक लाख बासष्ट सांगितलेस. माझ्याकडे," ह्यांनी डायरीचं ते पान उघडलं, "बासष्ट जाहीर केलेस. माझी कमाल जबाबदारी तेवढीच."

मी काय बोलणार होते? पान माझ्यासमोर होतं.

"त्यातून पहिले पाच टक्के तुझे, म्हणजे तीन हजार शंभर गेले. राहिले अठ्ठावन्न हजार नऊशे. घसारा..." इथे हे थांबले, खिडकीबाहेर पाहिलं. "घसारा माफ. झोप माझी होती."

ह्यांनी व्हाउचर पुढे केलं. 'माझ्या दाव्याची पूर्ण व अंतिम भरपाई मिळाली, यापुढे कोणतीही तक्रार नाही.' खाली एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प आधीच चिकटवलेला. मी त्यावर आडवी सही केली. ह्यांनी ती खाली-वर करून तपासली, फाइलला लावली आणि चेक फाडून माझ्या हातात दिला.

चेक आमच्या दोघांच्या जॉइंट खात्यावरचा होता.